लेदरचं जॅकेट साबण, ऊन आणि खोबरेल तेलापासून कसं वाचवायचं

दसरा झाला की सकाळची हवा बदलते. पहाटे मोटारसायकलवर निघणाऱ्याला छातीवर गार वारं लागायला लागतं आणि जूनमध्ये कपाटात टांगलेलं लेदरचं जॅकेट बाहेर निघतं. बऱ्याच घरांत तोवर त्यावर पांढरट-हिरवट ठिपके आलेले असतात. मग कोणी ते साबणाच्या पाण्यात बुडवतं, कोणी अंगणातल्या दोरीवर भर उन्हात टाकतं, तर कोणी वाटीभर खोबरेल तेल चोळतं. तिन्ही गोष्टी मनापासून केलेल्या असतात आणि तिन्हींनी जॅकेट लवकर खराब होतं.

आता आपल्याकडे खेड्यातल्या पोरांजवळही मोठ्या गाड्या आल्या आहेत. चिखलदरा, लोणार, ताडोबाच्या बाजूनं रविवारी हेल्मेट-जॅकेट घातलेली मुलं दिसतात. कोणी जॅकेट नवं घेतं, कोणी नागपूर-अमरावतीहून वापरलेलं आणतं. पण ते सांभाळायचं कसं, हे दुकानदार सांगत नाही. म्हणून हा लेख.

चामडं म्हणजे नेमकं काय?

जनावराचं कातडं हे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या बारीक तंतूंचं जाळं असतं. कच्चं कातडं तसंच ठेवलं तर सडतं, वाळवलं तर लाकडासारखं कडक होतं. ते सडू नये आणि मऊ राहावं म्हणून जी प्रक्रिया करतात, तिला कमावणं म्हणतात. जुन्या पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कोल्हापुरी चपलांचं चामडं असंच कमावलेलं असतं. जॅकेटचं चामडं मात्र बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते मऊ पडतं, पातळ करता येतं आणि पाण्याला जास्त दाद देत नाही.

कमावून झालं की कारखान्यात त्या तंतूंमध्ये तेल-चरबी मुरवतात. सगळी गोम इथे आहे. बाजेवर बसल्यावर विणीचा प्रत्येक पदर दुसऱ्यावरून थोडा सरकतो, म्हणून बाज वजन झेलते. पदर एकमेकांना चिकटून बसले तर तेच वजन त्यांना तोडेल. चामड्यातल्या तंतूंना ही सरकण्याची सोय ती मुरवलेली चरबी आणि थोडासा ओलावा मिळून करून देतात. चरबी गेली किंवा ओलावा पार उडाला, की कोपराच्या घडीवर तंतू तुटायला लागतात. आपण त्याला ‘भेगा पडल्या’ म्हणतो.

वरून बहुतेक जॅकेटांना रंगाचा पातळ थर दिलेला असतो. डाग या थरावर बसतात आणि साबण-स्पिरिटही आधी यालाच लागतं.

आधी ओळखा, आपलं जॅकेट कशाचं आहे

बाजारात ‘लेदर’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी चामडं नसतात. रेक्झिन किंवा पीयू म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर. खिशाच्या आतली किंवा चेनजवळची कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला बारीक तंतूंची लव दिसते. रेक्झिनच्या कडेला खाली कापडाची वीण आणि वर सपाट पापुद्रा दिसतो. काडी लावून जाळून बघायची गरज नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पीयूच्या जॅकेटला कितीही क्रीम लावलं तरी ते आत मुरत नाही. दमट हवेत काही वर्षांनी तो थर आपोआप सुटतो, पापुद्रे पडतात, आणि त्यावर इलाज नाही. ओल्या कापडानं पुसा आणि चालेल तितके दिवस वापरा. त्यावर महागडं क्रीम घेऊन पैसे घालवू नका.

खरं चामडं असेल तर आतल्या बाजूला, पट्ट्याखाली, पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर रंगाचा थर जाड आहे, पुसायला सोपं. थेंब लगेच शोषला जाऊन काळसर डाग पडला तर चामडं उघडं आहे, तिथे पाणी जपून. मखमलीसारखं, उलट्या बाजूचं चामडं असेल, ज्याला स्वेड म्हणतात, तर त्याला फक्त मऊ ब्रश मारायचा. पाणी आणि क्रीम दोन्ही वर्ज्य.

“काय होते भाऊ, कपडाच तर आहे”

साबणाच्या पाण्यात टाकायला निघालेल्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. पण हा कपडा नाही, आणि त्याचं कारण कास्तकाराला पटकन कळेल. माती परीक्षणाच्या कागदावर जमिनीचा ‘सामू’ लिहिलेला असतो. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. आपली काळी जमीन बहुधा सातच्या वरच असते. चामडं आम्ल बाजूचं आहे, साधारण ४ ते ५ च्या आसपास. कपडे धुण्याचा साबण ९ ते १० वर असतो, धुण्याचा सोडा त्याच्याही वर. असं अल्कधर्मी पाणी चामड्यात मुरलं की तंतू फुगतात, मुरवलेली चरबी साबणाबरोबर निघून जाते आणि रंगाची पकड सुटते. वाळल्यावर जॅकेट आखडतं. बाही मनगटाच्या वर सरकते, पाठ पत्र्यासारखी वाजते. गेलेली चरबी घरी पूर्ण परत घालता येत नाही.

वॉशिंग मशीन तर विसराच. साध्या ड्रायक्लीनिंगलाही देऊ नका, कारण त्यातली रसायनं तेल ओढून घेण्यासाठीच बनवलेली असतात. लेदरचं वेगळं काम करणारा असेल तरच द्या, आणि देण्याआधी त्याला विचारा की धुतल्यावर चरबी परत देतो का. उत्तर गोंधळलेलं आलं तर जॅकेट परत घरी आणा.

मग स्वच्छ करायचं कसं?

आमच्या गावात एक मुलगा पहाटे दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला जातो. थंडीभर त्याच्या अंगात काळं लेदरचं जॅकेट असतं. ते एकदा हातात घेऊन नीट बघितलं. पाठ जवळजवळ नव्यासारखी. उजव्या बाहीचं टोक मात्र कडक आणि पिवळट, कारण कॅन उचलताना सांडलेलं दूध तिथेच वाळत गेलं होतं. कॉलरच्या आतली बाजू काळी, चिकट, नखानं खरवडली तर मळ निघेल अशी. छातीवर मेलेल्या किड्यांचे डाग. म्हणजे पूर्ण जॅकेट धुण्याची गरजच नव्हती. हातभर जागा साफ करायची होती. बहुतेक जॅकेटांचं असंच असतं.

कॉलर आणि बाह्यांची टोकं आधी जातात ती घामामुळे. घामातलं मीठ आणि अंगाचं तेल रंगाच्या थराला मऊ करतं. मानेला तेल लागत असेल तर आणखी लवकर. म्हणून डोक्याला तेल लावून लगेच जॅकेट घालू नका, किंवा गळ्याभोवती सुती रुमाल बांधा. एवढ्यानं कॉलरचं आयुष्य वाढतं.

स्वच्छ करताना पहिलं काम कोरडं. खिसे रिकामे करा, पाठीचे-कोपराचे संरक्षक पॅड काढा आणि मऊ कोरड्या कापडानं धूळ झाडा. धूळ अंगावर असताना ओलं कापड फिरवलं तर तीच धूळ वरचा थर घासते. गडचांदूर-कोरपना भागात सिमेंटच्या कारखान्यांजवळून रोज जाणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. सिमेंटची धूळ अल्कधर्मी असते आणि घामात भिजली की साबणासारखंच नुकसान करते. वणी-घुग्घुसच्या बाजूची कोळशाची पूड शिलाईच्या छिद्रांत बसते. तिला जुना मऊ टूथब्रश लागतो. त्याच ब्रशनं चेनचे दातेही साफ होतात.

मग ओलं कापड. कापड पिळून असं घ्यायचं की हाताला दमट लागेल, पण थेंब गळणार नाही. पाणी कोणतं, हेही बघा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यातलं मीठ चामड्यावर पांढरी रेघ सोडतं. बोअरचं जड पाणीही तेच करतं. पिण्याचं फिल्टरचं पाणी एक तांब्याभर पुरतं.

नुसत्या पाण्यानं मळ निघाला नाही तर लेदर क्लीनर घ्या, ज्यावर चामड्यासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे असा. तो मिळत नसेल तर लहान बाळाच्या सौम्य शांपूचे दोन-तीन थेंब पाण्यात घालून फेस करा आणि फक्त फेस कापडावर घ्या. आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. कापडाला रंग आला तर तिथेच थांबा. मळक्या जागेवर हलक्या हातानं गोल फिरवा, जोर लावू नका, आणि दुसऱ्या स्वच्छ दमट कापडानं फेस पूर्ण पुसून घ्या. बूट-खोगिरासाठी मिळणारा सॅडल सोप बराच अल्कधर्मी असतो. जाड बुटाला ठीक, पातळ जॅकेटला मी सुचवणार नाही.

किड्यांचे डाग त्याच दिवशी पुसा. वाळून बसल्यावर खरवडू नका. दमट कापड पाच मिनिटं त्यावर ठेवलं की मऊ होऊन निघतात. दुधाचंही तसंच, फक्त पाणी गार हवं. गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं आणखी घट्ट बसतात.

आतल्या अस्तराचा वास ही वेगळी तक्रार. थंडीची आतली गादी चेननं सुटत असेल तर ती काढून वेगळी धुवा. अस्तर शिवलेलं असेल तर जॅकेट उलटं करून दमट कापडानं पुसा आणि पंख्याखाली तसंच उलटं रात्रभर टांगा. वरून अत्तर-बॉडीस्प्रे मारू नका, त्यातल्या स्पिरिटनं चामड्याचा रंग जातो.

पांढरं दिसतंय ते बुरशीच आहे का?

नेहमीच नाही. पांढरेपणाचे तीन प्रकार असतात आणि तिघांचा उपाय वेगळा.

बुरशी असेल तर ठिपके असतात, कापसासारखी बारीक लव असते आणि ओलसर मातीसारखा वास येतो. घडीत, खिशाच्या झाकणाखाली, कॉलरच्या आत ती जास्त दिसते, कारण तिला खायला घाम आणि मळ तिथेच मिळतो. दुसरा प्रकार मिठाचा. पावसात किंवा घामात भिजून वाळल्यावर लाटेसारखी पांढरी रेघ राहते. हात लावला तर खरखरीत लागते, दमट कापडानं विरघळते. तिसरा प्रकार फारसा कोणाला माहीत नसतो. थंडी पडली की चामड्यातली चरबी कधीकधी वर येऊन गोठते आणि सगळीकडे सारखी पातळ पांढरी साय दिसते. अंगठा घट्ट दाबून थोडा वेळ ठेवा. हाताच्या उबेनं ती नाहीशी झाली तर ती चरबी आहे, बुरशी नाही. कोरड्या मऊ कापडानं घासली की काम झालं. डिसेंबरात ही साय बघून घाबरून जॅकेट धुवायला काढणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

बुरशी काढायची ती घराबाहेर. घरात झाडली तर तिचे बीजकण उडून बाकीच्या कपड्यांवर बसतात. नाकातोंडाला रुमाल बांधा, मऊ ब्रशनं झाडा, आणि तो ब्रश, ते कापड गरम पाण्यात धुवा. मग स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापड किंचित ओलं करा आणि जागा पुसा. स्पिरिटनं रंग निघू शकतो, म्हणून आधी लपलेल्या जागी बघणं इथेही आलंच. सॅनिटायझरची बाटली थेट ओतू नका. नंतर दिवसभर सावलीत, वाऱ्यावर टांगा. ज्या कपाटात ते होतं तेही कोरड्या कापडानं पुसून उघडं ठेवा, नाहीतर पंधरवड्यात ठिपके परत येतील.

आजोबा मोटेला तेल द्यायचे, मग जॅकेटला का नको?

हा सवाल रास्त आहे. विहिरीवर मोट होती तेव्हा मोटेच्या चामड्याला, चामड्याच्या पट्ट्यांना, वहाणांना तेल पाजलं जायचं आणि त्यानं त्या टिकायच्या. ते शहाणपण खोटं नव्हतं. पण मोटेचं चामडं जाड होतं, सालीनं कमावलेलं, रंगाचा थर नसलेलं, आणि रोज पाण्यात बुडणारं. पाणी त्यातलं तेल सतत काढून घ्यायचं, म्हणून तेल सतत द्यावं लागायचं. जॅकेटचं चामडं साधारण १ ते दीड मिलिमीटर जाडीचं, वरून बंद आणि आत कारखान्यातच चरबी मुरवलेलं. त्यावर तेल ओतलं की ते मोजकं शोषलं जातं आणि बाकीचं शिलाईत, अस्तरात उतरतं. चामडं सैल, जड आणि काळपट होतं, धूळ चिकटते आणि बुरशीला ओल धरायला जागा मिळते.

तेलातेलांतही फरक आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. आपल्याकडच्या थंडीत पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो, म्हणजे ते चामड्याच्या छिद्रांत पांढरं होऊन बसणार. शेंगदाण्याचं, मोहरीचं तेल काही महिन्यांत खवट आणि चिकट होतं. सगळ्यात वाईट जवसाचं. विदर्भात जवस घराघरात असतो, म्हणून मुद्दाम लिहितो. जवसाचं तेल हवेत वाळून कडक थर होतं, म्हणूनच ते रंगात आणि वार्निशमध्ये वापरतात. चामड्याच्या आत असा थर जमणं म्हणजे वाकणारी वस्तू आतून कडक करणं. बुटाचं पॉलिशही नको. ते मेण आणि रंगाचं असतं, आणि गाडीवर मागे बसणाऱ्याच्या कपड्यांना काळं लावतं. ग्रीसचा डाग पेट्रोलनं काढायला तर जाऊच नका. रंग आणि चरबी दोन्ही जातील, आणि पेट्रोलचं कापड घेऊन घरात बसणं जिवावरचं आहे. ताज्या ग्रीसवर मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा.

जॅकेटला लावायचं ते लेदर कंडिशनर, म्हणजे चामड्यात मुरेल असं तेल-मेणाचं पातळ मिश्रण. जॅकेट स्वच्छ आणि पूर्ण कोरडं असताना हरभऱ्याच्या दाण्याएवढं कापडावर घ्या, हाताएवढ्या जागेवर पातळ पसरवा, पुढच्या जागेला परत थोडं घ्या. कोपर, खांद्याच्या घड्या, कॉलर इथे थोडं जास्त. अर्ध्या तासानं कोरड्या कापडानं पुसा. वर चिकटपणा राहिला तर जास्त लागलं आहे. हे वर्षातून दोनदा पुरतं, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा होळीच्या आसपास, उन्हाळा सुरू होण्याआधी. दर महिन्याला लावणारे जॅकेटवर उपकार करत नाहीत.

ऊन, टिन आणि कूलर

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं नवलाचं नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. हे झालं सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या सीटवर हात टेकवत नाही, आणि तिथेच जॅकेट टाकलेलं असतं. अशा उष्णतेत चामड्यातला ओलावा उडतो, चरबी जागा सोडते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी रंग फिका पडतो. टिनाच्या छताखालची खोली यापेक्षा फार वेगळी नाही. उन्हाळ्यात जॅकेट टिनाखालच्या माळ्यावर न ठेवता घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या खोलीत ठेवा.

पण गार म्हणजे कूलरची खोली नव्हे. डेझर्ट कूलर पाणी उडवूनच हवा गार करतो. बंद खोलीत तो रात्रभर चालला की हवेतला दमटपणा पावसाळ्याइतका होऊ शकतो. बाहेर सगळं कोरडं ठाक असताना मे महिन्यात जॅकेटवर बुरशी कशी आली, असं कोणी विचारलं तर आधी कूलरकडे बघायचं.

भिजलं तर

जॅकेट पावसाचं नाही, रेनकोट वरून घालावाच. तरी भिजलं तर पाणी झटका, सुती टॉवेल दाबून दाबून टिपा, खिशांचे कप्पे बाहेर काढा आणि रुंद हँगरवर सावलीत टांगा. बाह्यांत जुनं सुती कापड भरा म्हणजे आकार राहील. पंखा चालेल. चूल, शेकोटी, हीटर, इस्त्री चालणार नाही. ओलं चामडं कोरड्यापेक्षा खूप कमी उष्णतेत आकसतं. शेकोटीजवळ बसून बाह्या शेकत वाळवलेलं जॅकेट दुसऱ्या दिवशी खांद्यात बसत नाही. वाळायला दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या, आणि वाळल्यावर हलकं कंडिशनर.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल कोंडते. जुन्या सुती लुगड्याचं कव्हर शिवून घेतलं तर उत्तम. तारेचा बारीक हँगर खांद्याला कोंब पाडतो, त्यावर कापड गुंडाळा. लोखंडी कपाट पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडं ठेवा. ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या चालतात, चुना नको. डांबराच्या गोळ्या चामड्याला टेकू देऊ नका. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, पुरचुंडीत. आणि खताची पोती किंवा फवारणीची औषधं ज्या खोलीत आहेत, तिथे जॅकेट ठेवूच नका. युरिया हवेतली ओल ओढतो, आणि औषध लागलेलं जॅकेट मानेला-मनगटाला चिकटून राहतं.

एवढा खटाटोप एका जॅकेटसाठी?

थंडीपुरतं वापरायचं असेल तर स्वेटरही चालतं. पण गाडीवरून पडल्यावर अंग डांबरावर घासत जातं तेव्हा साधा सुती शर्ट क्षणात फाटतो. जाड, मऊ, शाबूत चामडं तिथे कातडी वाचवतं. ज्याची चरबी गेली आहे, कोपरावर भेगा आहेत, ते चामडं नेमकं त्याच ठिकाणी फाटतं जिथे आपण टेकतो. फॅशनचं पातळ जॅकेट आणि रायडिंगचं जॅकेट यांतही अंतर आहे. पहिल्याकडून या कामाची अपेक्षा ठेवू नका.

म्हणून वर्षातून एकदा शिलाई तपासा. खांदा, बगल, कोपर आणि बाहीची मागची शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. दोरा पांढरा पडला असेल, टाके उघडे दिसत असतील, तर गावातल्या चांभारकाकांकडे न्या. त्यांना दोन गोष्टी सांगा. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा, सुती नको, आणि सुई जुन्याच छिद्रांतून जाऊ द्या. नव्या छिद्रांची ओळ पाडली की चामडं कागदासारखं त्या ओळीवर फाटतं. एकदा अपघात होऊन जॅकेट घासलं गेलं असेल, पॅडला तडा गेला असेल किंवा ते दबलेलं असेल, तर पॅड बदला. पाठीचे आणि कोपराचे पॅड वेगळे मिळतात. चामडंच आरपार घासलं गेलं असेल तर ठिगळ लावून ते दूध घालायला, वावरात जायला वापरा आणि लांबच्या रस्त्यासाठी दुसरं घ्या.